चेहऱ्यावरचे केस आणि लेझर : आपल्या सावळ्या कातडीसाठी काय विचारावे



हा विषय आपल्याकडे मोठ्याने बोलला जात नाही. हनुवटीवर दोन-चार राठ केस आले की आपल्या बायका न्हाणीघराचं दार लावून चिमटा घेऊन बसतात. तरुण मुलींना शाळेत कोणी मिशीवरून चिडवलं तर त्या घरी येऊन रडतात, पण आईला सांगत नाहीत. मी इतकी वर्षं नर्स होते, म्हणून माझ्या कानाशी येऊन बोलतात. हल्ली प्रश्न एकच असतो : "आंटी, लेझर करू का?"

माझं उत्तर असं, की करा, त्यात लाजायचं काही नाही. पण आधी केस का आले ते शोधा, आणि तोंडावर फिरवणार ते यंत्र कुठलं हे विचारल्याशिवाय खुर्चीत बसू नका. मैत्रिणीला गुण आला म्हणून तिच्या पार्लरमध्ये जाऊ नका. मैत्रीण रशियाहून किंवा पोलंडहून आलेल्या घरातली असेल तर तिची कातडी वेगळी, तुमची वेगळी.

लेझर म्हणजे एकाच जातीचा, जोरदार प्रकाश. केसाच्या मुळाशी मेलॅनिन नावाचं काळं रंगद्रव्य असतं. ते प्रकाश शोषून घेतं, तापतं, आणि त्या उष्णतेने केस उगवणाऱ्या मुळाला इजा होते. उन्हात काळा कपडा पांढऱ्यापेक्षा जास्त तापतो, तोच हिशेब. पण मेलॅनिन केसातच असतं असं नाही, कातडीतही असतं. गोऱ्या बाईच्या कातडीत ते थोडं असतं, म्हणून प्रकाश सरळ केसाच्या मुळाकडे जातो. आपल्या कातडीत ते पुष्कळ, त्यामुळे बराचसा प्रकाश वरच अडकतो आणि केस राहतो बाजूला, कातडीच भाजते. सगळा घोळ इथे आहे.

डॉक्टर कातडीचे सहा प्रकार मानतात. ऊन लागल्यावर कातडी जळते की काळवंडते, यावरून ते ठरतात. अमेरिकेत हार्वर्डचे डॉक्टर फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ साली ही पद्धत काढली, ती सुरुवातीला गोऱ्या लोकांसाठीच होती. सावळ्या आणि काळ्या कातडीचे प्रकार मागाहून जोडले. आपण बेने इस्राएल बहुतेक जण चौथ्या-पाचव्या प्रकारात येतो. एकाच घरात सुद्धा फरक असतो, एक बहीण चौथ्यात, दुसरी पाचव्यात. म्हणून सख्ख्या बहिणीचा अनुभव देखील जसाच्या तसा घेऊ नये.

आता यंत्रांचं. प्रकाशाची लांबी नॅनोमीटरमध्ये मोजतात. अलेक्झांड्राइट लेझर ७५५ चा, डायोड साधारण ८०० ते ८१० चा, आणि एन-डी याग १०६४ चा. आकडा जितका मोठा तितका प्रकाश खोल जातो आणि वरच्या कातडीतलं मेलॅनिन त्याला कमी अडवतं. म्हणून सावळ्या आणि काळ्या कातडीला एन-डी याग सर्वांत सुरक्षित. चौथ्या प्रकारच्या कातडीवर डायोडही चालतो, पण थंडावा देण्याची सोय चांगली हवी आणि चालवणारा हात जाणता हवा. एन-डी यागचा एक तोटा सांगून ठेवते. तो जरा जास्त दुखतो, आणि बारीक केसांवर त्याचा जोर कमी पडतो. पण चेहरा भाजण्यापेक्षा दोन वेळा जास्त जाणं परवडलं.

आय-पी-एल नावाचा प्रकार बऱ्याच पार्लरमध्ये लेझर म्हणूनच खपवतात. ते लेझर नव्हे. त्यात कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा अनेक लांबींचा मिसळलेला प्रकाश असतो. त्याचा जन्म आपल्याच देशातला, योकनेआममध्ये १९९० च्या दशकात इंजिनियर शिमोन एकहाउस यांच्या कंपनीने ते बाजारात आणलं. केस काढण्याच्या बाबतीत इस्राएल तसा जुना खेळाडू आहे. केस उपटणारं एपिलेडी हे यंत्र १९८६ साली हागोश्रीम किबुत्झमधूनच जगभर गेलं. अभिमान वाटतो, पण म्हणून प्रत्येक यंत्र आपल्या कातडीला चालतं असं नाही. गडद कातडीवर आय-पी-एलने भाजण्याची भीती जास्त. घरी वापरायची जी छोटी यंत्रं मिळतात, तीही बहुतेक आय-पी-एलच. त्यांच्या खोक्यात कातडीच्या रंगांची पट्टी असते, आणि गडद रंगांवर फुली मारलेली असते. ती पट्टी आधी हाताला नाही, गालाला लावून पाहा.

माझ्या नणंदेची नात मेहंदीच्या दोन महिने आधी एका पार्लरमध्ये गेली. पोरगी आमच्याकडच्या मानाने सुद्धा सावळीच. तिने विचारलं, तर "आमचं मशीन सगळ्यांना चालतं" असं उत्तर मिळालं. चाचणी म्हणून आधी छोट्या जागेवर मारून पाहिलं नाही, थेट वरच्या ओठावर आणि गालांवर. संध्याकाळी आडवे पट्टे उठले, दुसऱ्या दिवशी फोड, आणि फोड गेल्यावर तपकिरी डाग. मेहंदीच्या रात्री चेहऱ्यावर मेकअपचा थर चढवून बसली होती बिचारी. डाग फिके व्हायला जवळजवळ वर्ष लागलं. पैसे परत मागितले तर म्हणे तुम्ही उन्हात गेला असाल. "सगळ्यांना चालतं" हे विकणाऱ्याचं वाक्य आहे. जाणता माणूस आधी तुमच्या कातडीकडे बघतो, गोळ्या कुठल्या चालू आहेत ते विचारतो, मग यंत्राचं बोलतो.

ज्यांची हिब्रू कच्ची आहे त्यांनी एवढी दोन वाक्यं पाठ करून जावं. "एझे सूग लेझर झे?" म्हणजे हा कुठल्या प्रकारचा लेझर आहे. "येश लाखेम एन-डी याग?" म्हणजे तुमच्याकडे एन-डी याग आहे का. नाव सांगता आलं नाही किंवा समोरची व्यक्ती चिडली, तर पर्स उचलून बाहेर पडा. आणि कानाखाली, जबड्याच्या कडेला, एखाद्या छोट्या जागेवर आधी मारून पाहायला सांगा. सावळ्या कातडीवर डाग सावकाश उठतो, म्हणून दोन-चार दिवस तरी थांबायचं, लगेच पुढे जायचं नाही.

आता असं एक सांगते जे पार्लरवाले सहसा बोलत नाहीत. चेहऱ्यावर दोन तऱ्हेचे केस असतात. एक मऊ लव, पीचच्या सालीवर असते तशी, आणि दुसरे काळे, जाड, राठ केस. लेझर फक्त दुसऱ्या जातीसाठी. लवेत रंगद्रव्य इतकं थोडं असतं की तिचं मूळ मरण्याइतकं तापत नाही, नुसतं कोमट होतं, आणि कधी कधी त्याने उलट जागं होतं. मग जिथे लव होती तिथे काळे केस दिसू लागतात, बहुतेक वेळा लेझर मारलेल्या जागेच्या कडेने. हे प्रमाण मोठं नाही, पण ज्यांच्यात दिसतं त्यात आपल्यासारख्या सावळ्या, काळ्या केसांच्या, हार्मोनचा त्रास असलेल्या बायका जास्त, आणि जागा बहुधा हनुवटी, जबडा व मान. म्हणून "आता आलातच तर सगळा चेहरा करून घेऊ, स्वस्तात देते" असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. हनुवटी आणि ओठावरचे जाड केस तेवढे करा, गालाची लव सोडा. तिला दोराच बरा. भुवयांच्या आसपास तर लेझर नकोच, डोळ्याला धोका आहे. चेहऱ्यावर काम चालू असताना तुमच्या डोळ्यांवर झाकण आणि करणारीच्या डोळ्यांवर चष्मा, दोन्ही हवेत.

हे झालं यंत्राचं. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते केस येण्याचं कारण. वीस-बावीस वर्षांच्या मुलीच्या हनुवटीवर राठ केस येतात, पाळी दोन-दोन महिने येत नाही, मुरुमं आहेत, वजन वाढतंय, तर आधी कुपात खोलिमच्या फॅमिली डॉक्टरकडे जा. पुष्कळदा ते पीसीओएस निघतं, बीजकोशांचा आणि हार्मोनचा विकार. त्यात पुढे मधुमेह होण्याचा धोका वाढतो, आणि आपल्या लोकांत मधुमेह काय कमी आहे! मूल राहायलाही त्रास होऊ शकतो. रक्त तपासून, गरज पडली तर सोनोग्राफी करून ते कळतं. कधी अधिवृक्क ग्रंथीचा एक जन्मजात पण उशिरा दिसणारा विकार असतो, तो अश्केनाझी ज्यू लोकांत बराच आढळतो. घरात लग्नामुळे तसं रक्त मिसळलं असेल तर डॉक्टरांना सांगावं. गर्भनिरोधक गोळ्या किंवा स्पायरोनोलॅक्टोन अशी औषधं डॉक्टर देतात, त्यांचा गुण दिसायला सहा महिने लागतात. स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना दिवस राहू देऊ नयेत. हार्मोन ताब्यात न आणता नुसता लेझर मारत राहणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं.

काही महिन्यांत झपाट्याने केस वाढले, आवाज घोगरा झाला, कपाळाच्या बाजूचे केस गळायला लागले, पाळी एकदम बंद पडली, तर लेझरचं नाव काढू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या. क्वचित बीजकोशात किंवा अधिवृक्क ग्रंथीत गाठ असते, ती लवकर सापडायला हवी.

आणखी एक कारण आपल्या घरात, फ्रिजच्या दारात ठेवलेलं असतं. मुंबईहून येणारा प्रत्येक पाहुणा बॅगेत फरसाण, पोहे आणि गोरं करणारी क्रीमची ट्यूब घेऊन येतो. तिकडे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अशा कित्येक क्रीममध्ये स्टिरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा उजळ दिसतो, म्हणून बाई खूश. महिनोन् महिने लावलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, मुरुमं येतात आणि चेहऱ्यावर केस वाढतात. मग त्या केसांवर लेझर, तोही पातळ झालेल्या कातडीवर! ट्यूबवर बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल यातलं काही लिहिलेलं असेल तर ते स्टिरॉइड आहे. पण एकदम बंद केलं तर चेहरा भडकतो, म्हणून ट्यूब घेऊन कातडीच्या डॉक्टरकडे, रोफे ओरकडे जा. डोक्याचे केस वाढावेत म्हणून लावायच्या मिनॉक्सिडिलनेही कपाळावर, गालावर लव वाढते. फिट येण्यावरच्या काही गोळ्यांनीही केस वाढतात, पण त्या मनाने थांबवायच्या नाहीत.

वयस्कर बायका मला विचारतात, या किरणांनी कॅन्सर होत नाही ना? हा प्रश्न वेडगळ नाही. १९५० च्या दशकात या देशात नव्याने आलेल्या हजारो मुलांना, बहुतेक मोरोक्को आणि उत्तर आफ्रिकेकडच्या, डोक्याच्या नायट्यासाठी क्ष-किरण देऊन केस घालवले होते. इथे त्याला गझेझेत म्हणतात. पुढे त्यातल्या कित्येकांना डोक्याच्या गाठी झाल्या, आणि १९९४ साली सरकारने त्यांच्या भरपाईसाठी कायदा केला. शेजारणीकडून ही हकीकत ऐकलेली बाई घाबरणारच. पण क्ष-किरण वेगळे आणि लेझर वेगळा. क्ष-किरण शरीरात आरपार जाऊन पेशींच्या आतली घडण मोडतात. केस काढायचा लेझर हा प्रकाश आहे, तो कातडीत काही मिलिमीटर जाऊन फक्त तापवतो. त्याने भाजू शकतं, डाग पडू शकतो, पण क्ष-किरणांसारखा तो नाही. एवढं मात्र पाहा, की चेहऱ्यावर तीळ असेल आणि त्याचा रंग किंवा आकार बदलत असेल, तर आधी डॉक्टरला दाखवा. तिळावर लेझर मारायचा नसतो.

वेळेचा हिशेब. चेहऱ्याला साधारण सहा ते आठ वेळा जावं लागतं, दर चार ते सहा आठवड्यांनी. सगळे केस एकाच वेळी वाढीच्या अवस्थेत नसतात, आणि लेझर वाढणाऱ्या केसावरच लागू पडतो, म्हणून पुन्हा पुन्हा जाणं. इथलं ऊन लक्षात घेता सर्वांत चांगला काळ सुक्कोत संपल्यावरचा. सिमखात तोराच्या पुढच्या आठवड्यात सुरुवात केली आणि दर पाच आठवड्यांनी गेलात, तर पेसाखपर्यंत पाच-सहा वेळा होतात. लाग बाओमेरला लग्न असलेल्या मुलीने पुरीमनंतर धावाधाव करून उपयोग नाही. समुद्रावर जाऊन काळवंडलेली कातडी घेऊन तर जाऊच नये, निदान चार आठवडे जाऊ द्या. बस स्टॉपवर उभं राहिल्याचं ऊनही ऊनच, सनस्क्रीन रोज लावा.

लेझरच्या आधी चार-सहा आठवडे दोरा, वॅक्स, चिमटा बंद. मूळच उपटलं तर प्रकाश तापवणार काय? मधल्या काळात छोट्या रेझरने दाढी केली तरी चालते. दाढी केल्याने केस जाड होतात हा आपल्या आज्यांचा समज, तो खरा नाही. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून हाताला खरखरीत लागतं, एवढंच.

डॉक्सिसायक्लिन, मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनॉइन, ब्लड प्रेशरची हायड्रोक्लोरोथायाझाइड, या गोळ्या चालू असतील तर सांगा, कारण अशा औषधांनी कातडी प्रकाशाला नाजूक होते. ओठावर तापाचे फोड उठत असतील तर तेही सांगा. लेझरच्या उष्णतेने ते पुन्हा उठू शकतात, आणि डॉक्टर आधीपासून गोळी देतात. गरोदरपणी थांबा. आणि बधिर करायचं क्रीम घरून थापून, वर प्लास्टिक गुंडाळून जाऊ नका. जास्त प्रमाणात ते रक्तात जातं आणि फिट येऊन माणसं दगावली सुद्धा आहेत. ओठ-हनुवटीला बऱ्याच जणींना त्याची गरजही लागत नाही, रबर बँड ताणून सोडल्यासारखं लागतं, बस.

झाल्यावर थोडी लाली, केसांच्या मुळांभोवती बारीक सूज, जळक्या केसाचा वास, हे ठीक. काही तासांत, फार तर दोन दिवसांत उतरतं. पुढच्या दोन-तीन आठवड्यांत केस वर आल्यासारखे दिसतात, ते वाढत नसतात, बाहेर पडत असतात. पण फोड आला, कातडी पांढुरकी किंवा राखाडी पडली, तर लगेच वाहत्या गार पाण्याखाली किंवा गार ओल्या फडक्याने दहा-वीस मिनिटं थंड करा. बर्फ थेट लावायचा नाही. हळद, टूथपेस्ट, लिंबू काही नाही. फोड फोडायचा नाही. फोटो काढून ठेवा आणि डॉक्टरला दाखवा.

पैसे एकदम दहा वेळांचे भरू नका. दोन-तीन वेळांनी काय गुण येतो ते पाहून पुढे ठरवा. "कायमचे जातात" हेही जरा सांभाळून ऐका. अमेरिकेचं औषध खातं सुद्धा लेझरला केस कायमचे कमी करणारा म्हणतं, कायमचे घालवणारा नव्हे. हार्मोनचा त्रास असेल तर वर्षातून एक-दोन वेळा पुन्हा जावं लागतंच.

राहिलो आपण साठीच्या पुढच्या. पाळी गेल्यावर हनुवटीवर एखाद-दोन जाडे केस बहुतेकींना येतात, तो आजार नव्हे. पण ते पांढरे असतील तर त्यावर लेझर चालत नाही, कारण त्यात तापायला रंगच नाही. हे न सांगता पांढऱ्या केसांचे पैसे घेणारे भेटतात. पांढऱ्यासाठी इलेक्ट्रोलिसिस आहे. त्यात बारीक सुई केसाच्या मुळाशी घालून वीज सोडतात, एकेक केस. ही युक्ती १८७५ साली सेंट लुईसच्या एका डोळ्यांच्या डॉक्टरने, चार्ल्स मिशेल यांनी, आत वळलेल्या पापण्यांसाठी काढली होती. कातडीचा रंग त्यात आड येत नाही, पण हात कच्चा असेल तर आपल्या कातडीवर काळे ठिपके राहतात, म्हणून तिथेही आधी दोन-चार केसांवरच करून पाहायला सांगा. चार केस असतील तर चिमटा पुरे, त्यासाठी शेकडो शेकेल कशाला. आणि ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवलेला आहे त्यांनी हृदयाच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय इलेक्ट्रोलिसिसच्या खुर्चीत बसू नये, त्यातली वीज पेसमेकरच्या कामात अडथळा आणू शकते.